जुने सातबारा, फेरफार आणि तालुक्यातले इतर सरकारी कागद: कुठे असतात, कसे मागायचे

शिवारवाट

चालू सातबारा मोबाइलवर दिसतो, तिथपर्यंत बहुतेकांचं जमतं. गाडी अडते ती त्याच्या मागे. १९५७ सालचा फेरफार (जमिनीवरच्या हक्कात बदल झाल्याची नोंद) हवा असतो, एखादं नाव कुठल्या साली आणि कशाच्या आधारे कमी झालं ते पाहायचं असतं, बांधाच्या वादात मूळ मोजणीचं टिपण लागतं. तलाठी म्हणतात तहसीलला जा, तहसीलला सांगतात भूमी अभिलेखला जा, तिथे कळतं की हा कागद त्यांच्याकडे कधी नव्हताच.

या विषयातली जाणकार मंडळी इथे आहेत, म्हणून धागा काढला. विनंती एवढीच: कोणी किती त्रास दिला याच्या कहाण्या दुसऱ्या धाग्यावर लिहा. इथे कागदाचं नाव, कार्यालय, कलम, फी, मुदत आणि नेमकं कुठे चुकतं एवढंच येऊ द्या.

जुना_शिरस्तेदार

आधी कागद कोणाच्या ताब्यात आहे ते पक्कं करा. चुकीच्या खिडकीवर दिलेला बरोबर अर्जसुद्धा धूळ खात पडतो.

गावच्या तलाठ्याकडे (२०२४ पासून पदनाम ग्राम महसूल अधिकारी) चालू गाव नमुने असतात. नमुना ७ आणि १२ मिळून आपला सातबारा. ८-अ म्हणजे खात्याचा उतारा, ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ६-क वारसांची नोंदवही, १ म्हणजे आकारबंद. भरून संपलेली पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात जमा व्हायला हवीत. बहुतेक होतात, पण काही गावांची बाडं सज्जाच्या (तलाठ्याच्या कार्यालयाच्या) कपाटातच राहतात. म्हणून तहसीलला "नाही" म्हटलं तर लगेच हरवलं असं समजू नका. जमा केल्याची यादी दाखवा, एवढं मागा.

मोजणीशी नातं असलेलं सगळं तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे: टिपण, फाळणी, गुणाकार बुक, गटबुक, जमीन एकत्रीकरण योजनेचे ९(३) आणि ९(४) चे उतारे, क-ड-ई पत्रक आणि जिथे नगर भूमापन झालंय तिथली मिळकत पत्रिका. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे. कूळ कायद्याची प्रकरणं तहसीलच्या कूळ शाखेत किंवा तिथूनच अभिलेख कक्षात गेलेली.

आणि एक गोष्ट ठसवून सांगतो. हे कागद पाहणं आणि त्यांची नक्कल घेणं ही कोणाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे आणि भूमी अभिलेख ठरलेली फी भरून कोणालाही पाहता येतात आणि प्रमाणित प्रती मिळतात. त्याचे तपशीलवार नियम १९७० चे आहेत. माहिती अधिकार ही दुसरी पायरी. पहिली पायरी साधा नकलेचा अर्ज, कोर्ट फी तिकीट लावून, आवक क्रमांकाची पोच घेऊन. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असं धरून चाला.

मृण्मयी_स

नकलेच्या अर्जावर फेरफार क्रमांक आणि वर्ष लिहायला सांगतात. ज्यांना फक्त गाव आणि पणजोबांचं नाव ठाऊक आहे त्यांनी काय करायचं?

काळीमाती

मृण्मयीताई, नावावरून शोधत बसू नका. जुन्या दफ्तरात नावाची सूची नसते, नंबराची असते. म्हणून आजच्या उताऱ्यापासून उलट चालत जायचं.

आजचा सातबारा घ्या. डिजिटल सहीचा महाभूमी या भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो, नुसता पाहायला बिनसहीचा फुकट दिसतो. नमुना ७ च्या खालच्या भागात "जुने फेरफार क्र." असा चौकोन असतो. लोक तिकडे पाहतच नाहीत, खरं तर सगळी किल्ली तिथेच आहे. समजा तिथे (३१), (४८७), (९०२), (१४५५) असे आकडे आहेत. फेरफारांचे क्रमांक गावनिहाय एकामागून एक चालतात, त्यामुळे लहान आकडा जुना. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने आली, त्यामुळे पहिले फेरफार त्यानंतरच्या काळातले.

आता १४५५ काढा. त्यात ज्याच्याकडून जमीन आली त्याचं नाव मिळेल. मग ९०२, मग ४८७. प्रत्येक फेरफार मागच्या माणसाकडे किंवा मागच्या हुकुमाकडे बोट दाखवतो.

हस्तलिखित उताऱ्यावर नावाशेजारी गोलात जो आकडा असतो तो फेरफाराचा: त्या नोंदीने हे नाव आलं. नावाभोवती कंस म्हणजे ते नाव कमी झालं, आणि कंसालगत लिहिलेला दुसरा आकडा ते कमी करणाऱ्या फेरफाराचा. कंस आहे पण कमी करणारा आकडाच नाही, असं दिसलं तर तिथेच थांबून नीट बघा. बहुतेक वाद अशा जागी सुरू होतात.

फेरफार वाचताना चौथा रकाना सोडू नका. पहिल्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात हक्क कसा मिळाला त्याची हकीकत, तिसऱ्यात सर्व्हे किंवा गट नंबर, चौथ्यात चाचणी करणाऱ्या अधिकाऱ्याची सही आणि शेरा. दुसऱ्या रकान्यात सविस्तर मजकूर असूनही चौथ्यात "रद्द" लिहिलेलं सापडतं. अशी नोंद घडलीच नाही असं धरायचं, मात्र पुढच्या सातबाऱ्यावर तिचा अंमल चुकून दिला गेलाय का ते तपासायचं.

जुना_शिरस्तेदार

काळीमाती यांनी नेमकं लिहिलंय. त्यात एक भर. जुन्या उताऱ्यावर नावाआधी किंवा नंतर छोटी अक्षरं असतात: "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.क." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अथवा कर्ता, "अ.पा.क." म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. थोरल्या भावाचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलेलं असतं. पुढे उतारा नव्याने लिहिताना ती अक्षरं गळतात आणि जमीन एकट्या थोरल्याची दिसू लागते. हा एक ठिपक्यांचा शब्द शोधायला वीस-तीस वर्षांचे उतारे पाहावे लागले तरी पाहा.

उतारा नव्याने लिहिण्याला पुनर्लेखन म्हणतात. हस्तलिखित सातबाऱ्याचं पुस्तक साधारण दहा वर्षांचं असे. पुस्तक संपलं की चालू नोंदी पुढच्या पुस्तकात उतरवायच्या आणि कंसातली नावं मागेच सोडायची. म्हणून "१९५० पासूनचा सातबारा द्या" असा अर्ज केला की एखादाच उतारा हातात येतो. अर्जात असं लिहा: "गट नंबर अमुक व त्याचा जुना सर्व्हे नंबर तमुक, यांचे १९५० पासून संगणकीकरणापर्यंतचे सर्व हस्तलिखित गाव नमुना ७ व १२, प्रत्येक पुनर्लेखनाचे स्वतंत्र." दोन पुस्तकांच्या सांध्यावर चूक होते, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजू हव्यात. संगणकावर नोंदी चढवताना झालेल्या चुकाही त्याच जातीच्या. लेखनप्रमाद असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण मूळ हस्तलिखित उतारा जोडल्याशिवाय तो अर्ज उभा राहत नाही.

वर्ष लिहिताना महसुली वर्ष ध्यानात ठेवा: १ ऑगस्ट ते ३१ जुलै. मे १९६३ मधली गोष्ट १९६२-६३ च्या पानावर असते.

रानवारा_७२

गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर कसा काढायचा? तहसीलमध्ये १९६० च्या पुस्तकात गट नंबर शोधला तर भलत्याच माणसाची जमीन निघते.

टिपणकार

निघणारच, कारण त्या पुस्तकात गट नव्हतेच. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याप्रमाणे गावोगाव योजना झाली आणि सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर जाऊन गट नंबर आले. दोन्ही आकडे साधेच असल्यामुळे गट ११२ चा मालक सर्व्हे ११२ मध्ये शोधला जातो. ही फार मोठी आणि फार नेहमीची चूक आहे.

भूमी अभिलेख कार्यालयात गटबुक आणि ९(३), ९(४) च्या उताऱ्यांची नक्कल मागा. योजनेआधी कोणाकडे कुठला सर्व्हे-हिस्सा होता आणि योजनेनंतर कुठला गट आला, हे त्यात मांडलेलं असतं. सोबत एकत्रीकरणाच्या वेळचे जबाब मिळतात का ते विचारा. "माझी जमीन अदलाबदलीत गेली" म्हणणाऱ्याची सही किंवा अंगठा तिथे असायला हवा.

त्यामागे जायचं तर क-ड-ई पत्रक. पोटहिस्से पाडताना कोणाच्या वहिवाटीत किती क्षेत्र होतं ते त्यात सापडतं, आणि पश्चिम महाराष्ट्रात वाटणीच्या दाव्यांत वकील हटकून मागतात. त्याच्याही मागे मूळ सर्व्हेची टिपणं. बांधाची भांडणं टिपणाशिवाय सुटत नाहीत, कारण बांधाच्या बाजूंची मापं फक्त तिथे आहेत. सातबारा क्षेत्र सांगतो, आकार सांगत नाही.

क्षेत्र जुळवताना: १६ आणे म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे म्हणजे एक एकर, एक गुंठा म्हणजे १.०११७ आर, १०० आर म्हणजे एक हेक्टर. जुन्या उताऱ्यावर ३ एकर १२ गुंठे असेल तर १३२ गुंठे, म्हणजे १ हेक्टर ३३.५ आर. आजच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य आणि पोटखराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र मिळून एवढं आलं पाहिजे. नुसत्या लागवडीयोग्य क्षेत्राशी ताळा केला की जमीन घटल्याचा भास होतो.

सड्यावरचा

कोकणापुरतं: रत्नागिरी, सिंधुदुर्गात पुष्कळ गावांत एकत्रीकरण झालंच नाही. सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर तेच चालू आहेत, तेव्हा गटाचा शोध घेत हिंडू नका. इथली खरी अडचण हिश्शांची आणि सहहिस्सेदारांची. एका हिश्शावर ऐंशी-नव्वद नावं असतात आणि आणेवारीत (रुपयातले किती आणे असा) वाटा लिहिलेला असतो. ६-क मधल्या वारस नोंदी क्रमाने काढल्याशिवाय ती गुंतवळ सुटायची नाही.

पूर्णाकाठ

वरची बरीचशी माहिती जुन्या मुंबई इलाख्याची आहे. मराठवाडा आणि विदर्भ वेगळे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे जुन्या हक्काचा आधार म्हणजे १९५० च्या दशकातलं खासरा पत्रक, शिवाय पाहणी पत्रक आणि सेतवार. त्याआधीचं बरंच उर्दूत. वर्ष फसली असतं: त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३५८ फसली हे १९४८-४९. अर्जात दोन्ही वर्षं लिहा, नाहीतर कारकून बाडावरचा आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही म्हणून अर्ज परत करतो. कुळाच्या बाबतीतही मुंबईचा १९४८ चा कायदा शोधू नका, इथे हैदराबादचा १९५० चा कायदा. कुळाला मालकी मिळाल्याची कलम ३८-ई ची प्रमाणपत्रं त्यातली.

विदर्भात मध्यप्रांताच्या पद्धतीचे कागद: बंदोबस्ताची मिसल, खसरा, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक. गायरान, पाणवठा, जळाऊ लाकूड यांवर गावाचा हक्क आहे का हे निस्तार पत्रकात बघायचं. तिथे सातबाऱ्यावर वाद घालून उपयोग नाही.

काळीमाती

पूर्णाकाठ, छान लिहिलंत. त्याला जोडून जिल्ह्यांचं. कागद तयार झाला तेव्हा गाव कुठल्या जिल्ह्यात होतं ते पाहायला हवं. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून निघाला, जालना त्याच वर्षी. लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून, गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून. नंदुरबार आणि वाशीम १९९८, हिंगोली आणि गोंदिया १९९९, पालघर २०१४. विभाजनाच्या वेळी दफ्तर वाटून दिलं गेलं, पण जिल्हा पातळीवरचे जुने हुकूम, अपिलांच्या संचिका, इनामाची प्रकरणं मूळ जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात राहिलेली असू शकतात. तालुक्यांच्या विभाजनाला हाच न्याय. आणि मूळ गावातून वाडी फुटून नवं महसुली गाव झालं असेल तर फुटण्याआधीचे फेरफार मूळ गावाच्या नोंदवहीत.

संस्थानी मुलूख, म्हणजे कोल्हापूर, सांगली, जत, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी वगैरे, तिथले विलीनीकरणाआधीचे कागद तहसीलला नसले तर पुराभिलेख संचालनालयाच्या कार्यालयांत चौकशी करा. पुण्याचं पेशवे दफ्तर, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई इथे ती आहेत. इनाम-वतनाचा शोध बहुधा पुण्यातच येऊन ठेपतो.

मृण्मयी_स

हे सगळं स्कॅन करून ऑनलाइन टाकलंय ना? मग तालुक्याला जायची गरज काय?

टिपणकार

"आपले अभिलेख" नावाचं महाभूमीचं संकेतस्थळ आहे. जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि नंबर टाकायचा, पैसे भरून डिजिटल सहीची प्रत उतरवून घ्यायची. मात्र सगळे तालुके आणि सगळे प्रकार तिथे नाहीत, आणि "नोंद आढळली नाही" याचा अर्थ कागद नाही असा होत नाही. स्कॅन करताना पानाला जे नाव-नंबर दिले तेवढ्यावरच शोध चालतो. बुद्रुकचं पान खुर्दमध्ये जातं, ४८७ चं ४७८ होतं, एक फेरफार दोन पानांवर असेल तर दुसरं पान पुढच्या क्रमांकाखाली जातं. म्हणून आधीचे आणि नंतरचे दोन-दोन नंबर बघा, जोडगावात बघा, "फेरफार" मध्ये नसेल तर "जुना सातबारा" प्रकारात बघा. मूळ पुस्तकाचा कोपरा वाळवीने खाल्लेला असेल तर स्कॅनमध्ये तो कोराच दिसतो. अशा वेळी मूळ पान डोळ्यांनी पाहायला तालुक्याला गेलंच पाहिजे.

हक्कदार_न

आता माहिती अधिकार. नकलेच्या अर्जाला उत्तरच आलं नाही किंवा संचिका हवी असेल (नुसतं फेरफाराचं पान नको असेल), तेव्हा हा मार्ग.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र "अ" मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखला जोडायचा. २०१२ च्या दुरुस्तीमुळे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. प्रतीचे पानाला २ रुपये. राज्य शासनाचं ऑनलाइन पोर्टलही आहे, पण तालुक्याच्या कार्यालयासाठी हातोहात देऊन पोच घेणं किंवा रजिस्टर टपाल जास्त भरवशाचं.

मजकूर असा असावा:

"विषय: मौजे ____, ता. ____, जि. ____ येथील फेरफार क्र. ४८७. कालावधी: १९५७ ते १९६५. तपशील: (१) गाव नमुना ६ मधील फेरफार क्र. ४८७ च्या पानाची प्रत. (२) सदर फेरफाराची वर्दी, जबाब व बजावलेल्या नोटिसा यांच्या प्रती. (३) ज्या आदेशाच्या आधारे नोंद झाली त्या आदेशाची प्रत. (४) सदर नोंदवही अभिलेख कक्षात जमा झाल्याची नोंद असलेल्या पानाची प्रत."

चौथा मुद्दा कधीही गाळू नका, तो का ते पुढे लिहितो. प्रश्न विचारू नका. "आजोबांचं नाव का कमी केलं?" या प्रश्नाला उत्तर देणं जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, कारण ती अभिलेखात असलेली माहिती नव्हे. "ज्या कागदाच्या आधारे नाव कमी झालं त्याची प्रत" मागितली की टाळता येत नाही.

मुदत ३० दिवस. मधेच प्रतींची फी भरा असं पत्र येतं. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजत नाहीत, म्हणून लगेच भरा आणि पावती जपा. मुदत उलटली तर कलम ७(६) प्रमाणे प्रती विनामूल्य. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. "आमच्याकडे नाही" एवढंच लिहून परत करणं कायद्यात बसत नाही.

रानवारा_७२

आणि उत्तर आलं "अभिलेख आढळून येत नाही"? तालुक्यात हेच उत्तर जास्त येतं.

हक्कदार_न

हाच या धाग्याचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

"आढळून येत नाही" हे कायद्यातलं नकाराचं कारण नाही. नकार द्यायचा तर कलम ८ किंवा ९ मधलं कारण लागतं. कागदाच्या बाबतीत तीनच शक्यता: तो कार्यालयात आहे, रीतसर नष्ट केलाय, किंवा गहाळ झालाय. पहिल्या अपिलात हीच विभागणी करून विचारा.

अभिलेख वर्गवार ठेवतात: अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, क वर्ग त्याहून कमी, ड वर्ग एका वर्षाचा. फेरफार नोंदवही कायम जतन करायची, तेव्हा "मुदत संपली म्हणून नष्ट" हे उत्तर तिला लागू होत नाही. फेरफाराच्या संचिकेतल्या नोटिसा वगैरे नष्ट झालेल्या असू शकतात. तसं असेल तर नष्ट केल्याची यादी आणि मंजुरीचा आदेश मागा. रीतसर नष्ट केलेल्या कागदाची नोंद असते. नोंदही नसेल तर कागद गहाळ झाला.

गहाळ असेल तर शेवटचा ताबा कोणाचा होता? इथे तो चौथा मुद्दा कामी येतो. जमा झाल्याची नोंद निघाली तर जबाबदारी अभिलेख कक्षाची, नाही निघाली तर सज्जाची. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायची सोय राहत नाही.

अपिलात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा उल्लेख जरूर करा. अभिलेख बेकायदा हलवणं किंवा नष्ट करणं यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये भांबुरकर प्रकरणात म्हटलंय की एके काळी उपलब्ध असलेली माहिती सापडत नसेल तर कसून शोध घ्यायचा आणि जबाबदारी निश्चित करायची. अपिलात मागणी दोनच ओळींत लिहा: शोध घेऊन प्रत द्यावी. ती सापडत नसल्यास शोधाचा तपशील आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव शपथपत्रावर द्यावं. शपथपत्राचा विषय निघाला की पुष्कळदा बाड सापडतं.

पहिलं अपील उत्तरानंतर किंवा मुदत संपल्यावर ३० दिवसांत, जोडपत्र "ब", २० रुपयांचं तिकीट. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे, जोडपत्र "क", तिकीट २० रुपयांचंच. आयोगाकडे तारीख लागायला बराच काळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. तिथे समोरासमोर बाडाचा नंबर विचारता येतो.

जुना_शिरस्तेदार

एक सोपी वाट लोक वापरत नाहीत. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहायला मिळतात. सोमवारी सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. आधी पाहून घ्या, पान क्रमांक टिपा, आणि मग नेमक्या पानांच्या प्रतीसाठी अर्ज करा. तीनशे पानांचे पैसे भरून त्यातली चार कामाची निघण्यापेक्षा हे बरं.

माहिती अधिकारात पाहणी मागितली तर पहिला तास फुकट, नंतर दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. सोबत पेन्सिलच न्या. शाईचा पेन आत नेऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. जुन्या पानावर एक टिंब वाढलं तरी आकडा बदलतो. पाहताना बाडावरचं लेबल, पुस्तकाचं पहिलं-शेवटचं पान, आणि मधली पानं फाटली किंवा चिकटवली असतील तर त्यांचे क्रमांक टिपून घ्या.

दस्तवाचक

नोंदणी कार्यालयाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. फेरफारात "खरेदीखत दि. अमुक, दस्त क्र. तमुक" असं असेल तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडे मिळतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्च मध्ये ग्रामीण भागाची सूची २ साधारण २००२ पासूनची दिसते. त्याआधीची कार्यालयात हाताने शोधायची. सूची १ माणसांच्या नावांनी, सूची २ मिळकतीच्या वर्णनाने. मृण्मयीताई, नावावरून शोध घेता येतो तो इथे. शोधाची फी वर्षागणिक लागते, म्हणून फेरफारावरून वर्ष पक्कं करूनच जा. व्यवहाराचं वर्ष आणि फेरफाराचं वर्ष यांत दोन-चार वर्षांचं अंतर सहज असतं.

१९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक १, म्हणजे स्थावराचे दस्त, कोणालाही पाहता येतं आणि नक्कलही मिळते. मृत्युपत्र पुस्तक ३ मध्ये असतं आणि करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते, म्हणून मृत्यूचा दाखला जोडा. इथे माहिती अधिकाराच्या मागे लागू नका. "विहित फी भरून नक्कल घ्यावी" असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो.

मोडीवाचक

जातीच्या दाखल्यासाठी किंवा वंशावळीसाठी शोध असेल तर जमिनीच्या कागदांपेक्षा कोतवाल बुक जास्त बोलतं. जुना गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही. तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. १९७० पासून १९६९ च्या कायद्याखाली नोंदी ग्रामपंचायतीकडे गेल्या. कोतवाल बुकात बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि तारीख एवढंच. म्हणून जन्माचं वर्ष शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावरून काढायचं आणि मग बुकात त्या वर्षाच्या मागची-पुढची दोन-तीन वर्षं चाळायची. शाळेत घालताना अंदाजे लिहिलेली १ जूनची जन्मतारीख खरी मानून तेवढंच पान बघितलं तर हाती काही लागत नाही.

स्वातंत्र्याआधीच्या नोंदी पुष्कळदा मोडीत आहेत. मोडी येत नसली तरी आकडे देवनागरीच्या जवळचे असल्याने तारखा ओळखता येतात, त्यामुळे पान हेरता येतं. लिप्यंतर मात्र जाणकाराकडून सही-शिक्क्यानिशी करून घ्या आणि मूळ पानाची प्रमाणित प्रत सोबत जोडा. नुसतं लिप्यंतर पडताळणी समिती मानत नाही.

मांडवीपार

गोव्यातल्यांसाठी दोन ओळी. तिथे सातबाऱ्याच्या जागी फॉर्म १ व १४, आणि तो १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतरच्या सर्व्हेचा. त्याआधीचा शोध पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीच्या आणि मात्रीजच्या (मालमत्ता कराच्या नोंदींच्या) कागदांत, शिवाय जमीन कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची) असेल तर कोमुनिदादच्या दफ्तरात. भाषा पोर्तुगीज, त्यामुळे अधिकृत भाषांतर लागतं. पणजीच्या पुराभिलेख खात्यात जाण्याआधी आजच्या सर्व्हे नंबराला जुनं वर्णन आणि नोंदणी क्रमांक जुळवून घ्या.

शिवारवाट

सगळ्यांचे आभार. एक राहिलं: माहिती अधिकारात मिळालेली प्रत प्रांताकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या) अपिलात किंवा दिवाणी दाव्यात चालते का?

दस्तवाचक

कागद कुठे, कोणत्या पानावर आहे हे दाखवायला उपयोगी पडते. पण पुरावा म्हणून प्रमाणित प्रतच द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ७५ मध्ये सार्वजनिक दस्तऐवजाच्या प्रमाणित प्रतीची तरतूद आहे. प्रतीखाली "मूळ अभिलेखाची खरी प्रत" असा दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव, पदनाम आणि कार्यालयाचा शिक्का हवा. माहिती अधिकाराच्या प्रतीवर नुसता "माहिती अधिकारात दिली" असा शिक्का असतो आणि समोरचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेतो. म्हणून त्या प्रतीवरचा बाड क्रमांक आणि पान क्रमांक घालून कलम ३२७ खाली नकलेचा अर्ज लगोलग करा. कागद आहे हे कार्यालयाने लेखी कबूल केलेलं असल्याने आता "आढळत नाही" म्हणता येत नाही. आणि नक्कल हातात घेतल्यावर खिडकीवरच तपासा: दोन्ही बाजू आल्या का, चौथा रकाना कापला गेला का, शिक्का सहीवर पडून नाव झाकलं का. झेरॉक्सच्या कडेला फेरफाराचा चौथा रकाना फार वेळा कापला जातो.

जुना_शिरस्तेदार

अपिलाची मुदत मात्र नकलेसाठी थांबत नाही असं समजूनच वागा. मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या फेरफारावर प्रांताकडे ६० दिवसांत अपील. जुन्या नोंदीवर जायचं तर उशीर माफीचा अर्ज वेगळा जोडावा लागतो, आणि त्यात नोंद केव्हा कळली ते तारखेनिशी लिहावं लागतं. नकलेवर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख अशा तिन्ही घालून घ्या.

मृण्मयी_स

८-अ वरून गावातले सगळे गट काढले, जुन्या फेरफारांच्या चौकोनातले आकडे लिहून घेतले. सर्वांत लहान आकडा दोन गटांवर एकच आहे. म्हणजे दोन्ही गट मुळात एकाच सर्व्हेचे?

टिपणकार

तसंच असेल असं नाही. एका वारस नोंदीत त्या खातेदाराच्या सगळ्या जमिनी एकदम येतात, त्यामुळे आकडा सारखा दिसतो. त्या फेरफाराचा तिसरा रकाना बघा, तिथे सर्व सर्व्हे नंबर ओळीने लिहिलेले असतील. ते ९(३), ९(४) च्या उताऱ्याशी लावून घ्या, म्हणजे कुठला सर्व्हे कुठल्या गटात गेला ते कळेल. दोन्ही नकलांचे अर्ज एकाच दिवशी द्या, एक तहसीलला आणि एक भूमी अभिलेखला. बहुतेक तालुक्यांत दोन्ही कार्यालयं जवळजवळच असतात.